कधीही न वापरलेल्या तीन ओळी

त्या दिवशी माझा ताणांक एकोणीस आला होता. त्या महिन्यातला सांगली विभागातला तो सर्वांत कमी. मी खूश झाले आणि संध्याकाळी घरी येताना स्वतःसाठी पाव किलो बासुंदी घेऊन आले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना माझी कीव करायचा मोह तुम्हाला होणार नाही.

मी वैजयंता कोष्टी. परवानाधारक वाचक. मी प्रोग्राम वाचते. आठ वर्षांपूर्वी एका जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनचं प्रमाण चुकलं, माणसं गेली आणि चौकशीत कळलं की तिथला प्रोग्राम यंत्राने लिहिला होता, यंत्रानेच तपासला होता आणि एकाही माणसाने तो कधी डोळ्यांखालून घातला नव्हता. मग सुबोध संहिता कायदा आला; संहिता म्हणजे प्रोग्रामच. ज्या प्रोग्रामवर माणसाचा जीव अवलंबून आहे तो माणसाला समजलाच पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. यात न पटण्यासारखं काय होतं? आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण समजलं हे ठरवायचं कसं? माणूस तर न समजताही मान डोलावतो. त्यासाठी टोपी आली. कागदोपत्री तिचं नाव सुबोधमापक, आमच्या तोंडी मात्र टोपीच. माणसाला एका वेळी चार-पाच गोष्टीच मनात धरता येतात. त्याहून जास्त धरायची वेळ आली, की कपाळामागचा मेंदू जास्त ऑक्सिजन ओढायला लागतो. टोपी कपाळातून अवरक्त प्रकाश आत सोडते आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून रक्तातला ऑक्सिजन मोजते. जोडीला एक कॅमेरा असतो. डोळा कुठल्या ओळीवर किती वेळ थांबला याची तो नोंद ठेवतो. शेवटी पाच प्रश्न. उत्तरं बरोबर आणि ताणांक तिसाच्या आत असेल, तर प्रोग्राम समजला. तिसाच्या वर गेला, तर तो दुर्बोध, म्हणजे नामंजूर.

टोपी खोटं कधीच सांगत नाही. वाचायला किती त्रास झाला ते ती अगदी अचूक मोजते. त्रास झाला नाही म्हणजे समजलं, हे आपण आपलं ठरवून टाकलं.

पहिल्या दोन वर्षांतच एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली. फेऱ्या नापास होतात आणि साखळ्या पास होतात.

माझे शिक्षक मुजावर सर लिहायचे त्या फेऱ्या. पहिला सेन्सर घे. त्याचा आकडा आला का? आला तर हद्दीशी ताडून बघ, हद्द ओलांडली असेल तर भोंगा वाजव. आला नाही तर त्याच्या नावापुढे गप्प म्हणून खूण कर, आणि लागोपाठ तीन खुणा झाल्या तरी भोंगा वाजव. मग पुढचा सेन्सर घे. चौदा सेन्सर होईस्तोवर हेच. असं काही वाचताना आपण कितव्या सेन्सरवर आहोत, खुणा किती झाल्या, मागच्या वेळी काय झालं होतं, हे सगळं मनात धरावं लागतं. वाचणारा त्या प्रोग्रामबरोबर पायी चालतो, आणि चालल्यावर दम लागणारच.

साखळीत पायी चालायचं नसतं. नव्या भाषांत शब्द मराठीतच लिहिता येतात, त्यामुळे साखळी एखाद्या सरळ वाक्यासारखी दिसते: योग्य नोंदी निवड, त्यातली सर्वांत मोठी घे, ती हद्दीपलीकडे असेल तर भोंगा वाजव. संपलं. काय करायचं एवढंच त्यात असतं. कसं करायचं ते पोटात. मला साखळ्या आवडायच्या. अजूनही आवडतात, आणि खरं दुखणं तेच आहे.

नापास झालेल्या फेरीची साखळी करून द्यायला सुलभक नावाचं यंत्र निघालं. फेरी आणि तिच्या आजवरच्या कामाच्या नोंदी त्याला द्यायच्या. त्याच नोंदींवर तंतोतंत तेच उत्तर देणारी साखळी ते काढून देतं. गावोगावच्या फेऱ्या पाच वर्षांत संपल्या.

*

उस्मान मुजावर माझे तंत्रनिकेतनातले सर. निवृत्तीनंतर तासगावजवळच्या मधुवेल शीतगृहाचं गॅसच्या इशाऱ्याचं काम त्यांच्याकडे होतं. हे बेदाण्याचं शीतगृह. थंडावा अमोनियावर चालतो, आणि तो गळला तर माणसाचे डोळे आणि छाती जाळतो. आत दिवसाला साठेक बायका बेदाणा निवडायला असायच्या. त्यांच्यावरची मुकादम म्हणजे सरांची मुलगी तबस्सुम. ती माझी वर्गमैत्रीण. मैत्रीण हा शब्दही थोडा कमीच पडतो.

सरांची फेरी माझ्याकडे आली तेव्हा ताणांक सेहेचाळीस भरला. मालकांनी ती सुलभकात घातली आणि साखळी करून पाठवली. तीच ती एकोणीसवाली. मी सही करणार त्या सकाळी सर ऑफिसात आले. समोर बसले, खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि दोन्ही प्रोग्राम माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले.

"वैजयंता, यात माझे गप्प सेन्सर कुठं आहेत?"

"सर, ही बघा की पहिलीच पायरी. योग्य नोंदी निवड. चुकीची नोंद पुढे जातच नाही."

त्यांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. "हां," म्हणाले. "दिसतंय तर बरोबर."

"शिवाय तुमच्या सात वर्षांच्या नोंदींवर दोन्ही चालवून बघितलेत. एका सेकंदाचाही फरक नाही."

"तेही खरं." त्यांनी कागदाची घडी घातली, पण खिशात ठेवली नाही. "पण मला बरं वाटंना झालंय. कुठं बोट ठेवू ते कळत नाही. तुम्हा वाचकांना स्वतःच्या सहीवर मंजुरी द्यायचा हक्क असतो म्हणे?"

असतो. वर्षातून एकदा वाचकाला तिसावरचा प्रोग्रामही स्वतःच्या जबाबदारीवर मंजूर करता येतो. त्याची चौकशी होते, परवान्यावर शेरा पडतो, बाकी काही नाही. त्या वर्षीचा माझा हक्क तसाच पडून होता.

"सर, कारण काय लिहू? लेखकाला बरं वाटत नाही, असं?"

मी हसून बोलले होते. तेही हसले. मला साखळी खरोखरच चांगली वाटली होती, कुणाचं दडपण नव्हतं की लालूच नव्हती. सर जुन्या वळणाचे, स्वतःच्या लिखाणाचा लळा सुटत नाही, असं मला वाटलं; त्यांची थोडी दयाही आली. विद्यार्थिनीने गुरूची कीव करावी, यासारखं सुख नसतं. ते जिना उतरून गेल्यावर मी सही केली. सुलभकाच्या टिपणात सातव्या कलमात लिहिलं होतं: मूळ संहितेतल्या कधीही न वापरलेल्या तीन ओळी वगळल्या आहेत. तेही माझ्या डोळ्यांखालून गेलं.

फेरी गेली आणि तिच्याबरोबर सरांचं काम गेलं. देखभालही एका कंपनीकडे गेली. दोन महिन्यांनी तबस्सुम भेटली तेव्हा तिच्या ओढणीलाही बेदाण्याचा गोडसर वास येत होता.

"अब्बांचं तोंड बघवंना झालंय गं," ती म्हणाली. "दिवसभर खुर्चीत. काल मला विचारत होते, गॅसच्या इशाऱ्याचा बोर्ड नीट चालतो का. म्हटलं, तुमच्यापेक्षा बरा चालतो, उगाच कोकलत तरी नाही."

"माझ्यावर रागावलेत का?"

"तुझ्यावर? तुझं नाव निघालं की छाती फुगते त्यांची. आमच्या बायकांना सांगतात, ह्या बोर्डावर माझ्या पोरीची सही आहे. मी म्हटलं, अब्बा, पोरगी मी आहे!"

आम्ही दोघी खूप हसलो.

*

फेब्रुवारीत, ऐन हंगामात, सकाळी अकरा वाजून आठ मिनिटांनी कंप्रेसरच्या खोलीतली एक झडप फुटली.

गॅस फार दाट झाला की सेन्सर आंधळा होतो. जास्तीत जास्त आकडा दाखवण्याऐवजी तो बंद पडतो, किंवा ज्याला अर्थच नाही असं काहीतरी पाठवतो. झडपेजवळचे दोन सेन्सर पहिल्याच लोटात, चढता आकडा पाठवायच्या आधीच, असे आंधळे झाले. साखळीने त्यांच्या नोंदी अयोग्य ठरवून बाजूला काढल्या आणि उरलेल्या बारांतला सर्वांत मोठा आकडा बघितला. तो हद्दीच्या आत होता. हजेरीपटावरून गैरहजर मुलांची नावंच काढून टाकली, तर वर्ग रोज पूर्ण भरलेला दिसतो, तसं झालं. गॅस दाट होत होता आणि बोर्ड हिरवा होता.

वास सगळ्यांनाच आला. पण अशा ठिकाणी थोडाफार वास नेहमीचाच, आणि तेवढ्यावर काम सोडायचं नाही, बोर्ड बघायचा, अशी तिथली रीत. सरांनीच घालून दिलेली. बायाक्का माळी नावाच्या बाईंनी नंतर जबानीत सांगितलं, "आमी तबस्सुमताईला म्हटलं, डोळं चुरचुरत्यात. ताईनं बोर्ड बघितला. म्हनली, हिरवा हाय, वैजूनं तपासलाय त्यो, चला. दोघींला चार नंबरच्या खोलीतनं खोकी आणाय धाडली."

गॅस फाटकाजवळच्या सेन्सरपर्यंत पोचून भोंगा वाजला तेव्हा अकरा वीस झाले होते. सगळ्या बायका बाहेर पळाल्या. तबस्सुमने डोकी मोजली, दोन कमी भरली. ओढणी पाण्यात भिजवून तोंडाला बांधली आणि ती आत गेली.

तिघींनाही दुपारी दीड वाजता बाहेर काढलं. मी तिथे होते. सरही होते. त्यांना कुणीतरी खुर्ची दिली होती, पण ते बसले नाहीत.

सरांची फेरी असती तर तीन खुणांना अर्धं मिनिट. अकरा नऊला भोंगा. हा हिशेब कुणी मांडायची गरज नव्हती. मी बातमी ऐकली त्याच क्षणी तो माझ्या डोक्यात मांडून तयार होता.

*

चौकशी अधिकारी धनावडे नावाचे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला पाणी दिलं, आणि मग टोपी घालून तीच साखळी पुन्हा वाचायला सांगितली. वाचकाकडून निष्काळजीपणा झाला का, हे ठरवायची तीच पद्धत आहे.

मी वाचलं. योग्य नोंदी निवड. आता मला ठाऊक होतं की या तीन शब्दांत तबस्सुम मेली आहे. मी त्या शब्दांवर थांबायचं ठरवून बसले होते. अडखळायचं, गुदमरायचं, ताणांक शंभराला न्यायचा. पण डोळा त्या ओळीवरून घसरून पुढे गेला. अर्थ लागला. किती सरळ अर्थ! योग्य तेवढंच घ्यावं, यात अडण्यासारखं काय आहे?

"अठरा," धनावडे म्हणाले. "मागच्यापेक्षा एकाने कमी."

मी टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी पुन्हा पाणी दिलं.

"कोष्टीबाई, तुमच्याकडून कुठलाही दोष झालेला नाही. तुम्ही संहिता पूर्ण वाचलीत, समजून वाचलीत, पाचही उत्तरं बरोबर दिलीत. टिपणातल्या सातव्या कलमावर तुमची नजर अर्धा सेकंद थांबली होती, पण टिपण हा संहितेचा भाग नाही."

"पण मला समजलं नव्हतं."

"नोंद तसं सांगत नाही."

"मी सांगतेय ना! मला समजलं नव्हतं, आणि समजलं नाही हेही मला समजलं नव्हतं. मला शिक्षा द्या आणि अहवालात लिहा, की टोपी चुकीची गोष्ट मोजते."

"टोपी बिघडलेली नाही," ते शांतपणे म्हणाले. "तीन ठिकाणी तपासून घेतली."

माझा परवाना शाबूत राहिला. साखळीत गप्प सेन्सरसाठी आणखी एक कडी जोडली गेली. दुसऱ्या एका वाचकाने तिला बावीस ताणांक देऊन मंजूर केलं. कुणाला तरी वाटलं, एकदा सरांची मूळ फेरीही तपासून बघावी. ती पुन्हा सेहेचाळीसवर नापास झाली.

अहवालाचा मसुदा त्यांनी मला वाचायला दिला, तसा नियम आहे. एकशे बाराव्या पानावर गप्प सेन्सरच्या त्या तीन ओळी का वगळल्या गेल्या याचं कारण होतं. मी ते दोनदा वाचलं. हे मात्र मला पहिल्याच फटक्यात समजलं होतं.

सुलभक नोंदींवरून शिकतो. जी ओळ कधी वापरलीच गेली नाही, ती त्याच्या लेखी नाही. सात वर्षं, चौदा सेन्सर, आणि त्यांतला एकही एका मिनिटासाठीसुद्धा गप्प झालेला नव्हता. हे कसं शक्य आहे, म्हणून समितीने शोध घेतला. सेन्सरचं आयुष्य वर्षाचं असतं. देखभाल करणारा माणूस, म्हणजे सर, ते पाचव्या महिन्यातच बदलायचे. नवा जोडून त्याचा आकडा आल्याशिवाय जुना काढायचे नाहीत. ताप असो, सण असो, ते स्कूटरवरून जायचे. एकदा हात प्लास्टरमध्ये असताना तबस्सुमला मागे बसवून गेले होते, ते मलाही आठवत होतं. अहवालात त्याचं एकच वाक्य होतं: देखभालीतील अतिदक्षतेमुळे मौनाची एकही नोंद उपलब्ध नव्हती, परिणामी संबंधित ओळी निरुपयोगी ठरल्या.

जरा हयगय केली असती, एक सेन्सर एक दिवस जरी मरू दिला असता, तर त्या ओळी राहिल्या असत्या.

"हे वाक्य काढता येईल का?" मी विचारलं.

"का? वस्तुस्थिती आहे."

"ते तबस्सुमचे वडील आहेत."

धनावडेंनी कागद सारखे केले. "काढता येणार नाही," ते म्हणाले. "सोमवारी अहवाल सगळ्यांसाठी खुला होतोय. त्यांना तुम्ही आधी सांगून ठेवलंत तर बरं. कागदावरून कळण्यापेक्षा माणसाकडून कळावं."

*

मी तेच ठरवून गेले होते. दुपारचे चार वाजले होते. दार सरांनीच उघडलं. दाढी वाढलेली, पण शर्टाला इस्त्री होती. त्यांनी चहा केला. दूध नासलेलं निघालं म्हणून कोराच दिला.

"चौकशी झाली?"

"झाली सर."

"तुला काही त्रास?"

"नाही."

"बरं झालं." ते खरंच तसं म्हणाले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "मला एक सांग. रोज रात्रंदिवस तेवढंच डोक्यात आहे. त्या तीन ओळी. यंत्राला त्या नको का झाल्या? बाकीचं सगळं ठेवलं आणि नेमक्या त्याच का काढल्या? मी लिहिताना काही घोळ घातला होता का? नावं चुकीची दिली होती? माझं काही राहिलं होतं का बघ, तुला माहीत असणार."

मी तोंड उघडलं. सर, तुम्ही फार चांगलं काम केलंत म्हणून, एवढंच म्हणायचं होतं. सोपं, सरळ वाक्य होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते माझ्याच्याने म्हणवेना.

"यंत्राने विचारलं होतं," मी म्हणाले. "या ओळी ठेवू का काढू. काढा म्हणून मी सांगितलं."

ते पुढे झुकले.

"का?"

"ताणांक कमी यावा म्हणून. मला कळलं होतं सर त्या कशासाठी आहेत. मला वाटलं, सात वर्षांत काही झालं नाही, आता काय व्हायचंय."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. सर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. अपघातापासून ते रडले नव्हते. ते आत्ता, माझ्यासमोर, आवाज करून रडले.

"म्हणजे माझं काही राहिलं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही सर. तुमचं काहीच राहिलं नव्हतं."

"मला वाटत होतं, माझ्याच हातून..." त्यांनी बाहीने तोंड पुसलं. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांचा श्वास पूर्ण खालपर्यंत गेलेला मला दिसला. मग ते उठले आणि त्यांनी दार उघडून धरलं.

"आता जा तू," ते म्हणाले. "आणि परत या दारात येऊ नकोस."

मी चपला घातल्या आणि खाली उतरले. गुरुवार होता. सोमवारच्या अहवालापर्यंत सरांकडे अजून तीन दिवस होते.